एक्स-मेन : अतिमानवांचे एकत्र कुटुंब

१९८७च्या उन्हाळ्यात माझे मामा मुंबईहून सांगलीला आले, ते फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून उचललेल्या जुन्या इंग्रजी मासिकांचा एक गठ्ठा घेऊन. मी नुकताच अकरावीची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो. गठ्ठ्यात मुखपृष्ठ फाटलेले एक कॉमिक होते. डोक्याच्या मधोमध पांढऱ्या केसांचा तुरा ठेवलेली एक कृष्णवर्णीय बाई आणि डोळ्यांवर लाल काचेची पट्टी लावलेला एक गोरा तरुण यांचे त्यात द्वंद्व होते. त्याच्या डोळ्यांतून विध्वंसक किरण निघत होते. तिच्याकडे कोणतीही शक्ती नव्हती. ती पूर्वी होती आणि आता गेली आहे, एवढे संवादांवरून समजत होते. तरीही ती जिंकली आणि सगळ्या गटाची प्रमुख झाली. हरलेला तरुण आपल्या बायकोकडे आणि तान्ह्या मुलाकडे निघून गेला.

इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलेल्या मला यातले निम्मेअधिक कळले नाही. ही माणसे कोण, एका घरात का राहतात, यांचे आपसात काय बिनसले आहे, कशाचाच पत्ता नव्हता. मात्र इथे कुणीतरी खरोखर हरले आहे आणि त्या हरण्याला पुढे काही अर्थ आहे, हे जाणवले. वेताळ कधी हरत नसे.

तो 'अनकॅनी एक्स-मेन'चा २०१वा अंक होता, हे मला फार नंतर समजले. बँकेत नोकरी करता करता मी संग्रहित आवृत्त्या एकेक करून मिळवल्या आणि ही मालिका पहिल्या अंकापासून क्रमाने वाचून काढली. कोणत्याही विद्यापीठात मी हा विषय शिकलेलो नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाचनाचा ताळेबंद आहे. अतिमानवांचा समूह हाच नायक असलेल्या चित्रकथेचे बळ कशात असते आणि ती कुठे कमी पडते, हे या एका उदाहरणावरून पाहायचे आहे.

समूह म्हणजे बेरीज नव्हे

अमेरिकी कॉमिक्समधला अतिमानवांचा पहिला समूह म्हणजे 'जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका'. १९४०च्या अखेरीस 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकात हे नायक प्रथम एकत्र आले. पण एकत्र येऊन त्यांनी केले काय, तर टेबलाभोवती बसून प्रत्येकाने आपापल्या पराक्रमाची गोष्ट सांगितली. १९६० साली अवतरलेल्या 'जस्टिस लीग'मध्येही बरेचदा असाच साचा असे. सुरुवातीला सगळे जमायचे, मग दोघे-तिघे वेगवेगळ्या दिशांना जायचे आणि शेवटी पुन्हा भेटायचे. ही नायकांची बेरीज होती. एकामुळे दुसऱ्याच्या आयुष्यात काही बदलत नव्हते.

हा साचा १९६१ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या 'फँटॅस्टिक फोर'ने मोडला. त्यातले चौघे भांडत, रुसत, एकमेकांना टोचून बोलत. याच जोडीने सप्टेंबर १९६३च्या तारखेने दोन समूह-कॉमिक्स सुरू केली. 'अव्हेंजर्स'मध्ये आधीच माहीत असलेले नायक एकत्र आणले होते, तर 'एक्स-मेन'मधली मुले पूर्णपणे नवी होती. सायक्लॉप्स, जीन ग्रे, बीस्ट, एंजल आणि आइसमॅन ही पाच किशोरवयीन मुले आणि चाकाच्या खुर्चीतले त्यांचे शिक्षक प्रोफेसर झेवियर. त्यांच्या शक्ती जन्मजात होत्या. ते 'म्युटंट' होते. प्रत्येकासाठी अपघाताची किंवा प्रयोगाची नवी कथा रचायचा कंटाळा आला होता, म्हणून ही युक्ती काढली, असे ली यांनी पुढे अनेकदा सांगितले. मालिकेचे नाव त्यांना 'द म्युटंट्स' ठेवायचे होते. हा शब्द वाचकांना कळणार नाही म्हणून प्रकाशकाने ते नाकारले.

लेखकाचा एक आळस या चित्रकथेच्या फार उपयोगी पडला. शक्ती जन्मजात म्हटली की ती माणसाची ओळख ठरते, आणि ओळखीमुळे होणारा द्वेष हा कथेचा विषय होऊ शकतो.

एक लोकप्रिय समजूत

'एक्स-मेन'विषयी कुठेही वाचले की एक विधान हमखास भेटते : झेवियर म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचा प्रतिस्पर्धी मॅग्निटो म्हणजे माल्कम एक्स, नागरी हक्कांच्या चळवळीचे रूपक म्हणूनच ही मालिका जन्मली. हे विधान छापील पानांशी ताडून पाहिले पाहिजे.

पहिल्या अंकावर सप्टेंबरची तारीख असली, तरी प्रथेप्रमाणे तो दोन महिने आधी, जुलैतच विक्रीला आला होता. किंग यांचे वॉशिंग्टनमधले प्रसिद्ध भाषण २८ ऑगस्टचे. चळवळीची हवा तेव्हा सर्वत्र होती, हे खरे. पण त्या अंकातला मॅग्निटो काय करतो? क्षेपणास्त्रांचा तळ ताब्यात घेतो. चौथ्या अंकात तो आपल्या संघटनेचे नाव ठेवतो 'दुष्ट म्युटंटांचा बंधुसंघ'. स्वतःला दुष्ट म्हणवून घेणारा पुढारी कोणत्याही चळवळीचे रूपक होऊ शकत नाही. तो सरळसोट खलनायक आहे. आणि पाचही विद्यार्थी गोरे अमेरिकी आहेत.

द्वेषाचा धागा हळूहळू आला. आठव्या अंकात बीस्ट एका मुलाचा जीव वाचवतो आणि जमाव त्याच्यावरच धावून जातो. नोव्हेंबर १९६५च्या चौदाव्या अंकात एक शास्त्रज्ञ म्युटंटांच्या नायनाटासाठी 'सेंटिनल' नावाचे यंत्रमानव बनवतो. कथेतला खरा विषय इथे वर आला, पण मालिका काही रुजली नाही. कर्बी गेले, ली गेले आणि मार्च १९७०च्या ६६व्या अंकानंतर नव्या कथा थांबल्या. त्यानंतर सुमारे साडेचार वर्षे याच नावाखाली जुन्या कथा पुन्हा छापल्या जात होत्या.

म्हणजे आज जे रूपक मूळचे मानले जाते, ते बहुतांशी नंतरच्या हातांनी घडवलेले आहे. समूहकथेचा पहिला गुण मला इथे दिसतो. तिचा अर्थ दुसऱ्या पिढीला बदलता येतो, कारण तिच्यातली माणसे बदलता येतात.

१९७५ : सात परदेशी

मे १९७५च्या 'जायंट-साइझ एक्स-मेन'मध्ये लेखक लेन वाइन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी नवा समूह उभा केला. कॉमिक्स परदेशांत विकायची तर त्या देशांचे नायक हवेत, असा व्यापारी विचार त्यामागे होता. केनियातली स्टॉर्म, जर्मनीचा नाइटक्रॉलर, कॅनडाचा वुल्व्हरिन, आयर्लंडचा बॅन्शी, जपानचा सनफायर, अ‍ॅपाची जमातीचा थंडरबर्ड आणि सोव्हिएत सामूहिक शेतावरचा कोलोसस. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी मुलांच्या वाचनात एक रशियन शेतकरी पोरगा खलनायक म्हणून न येता भोळा, चित्रे काढणारा, घरच्या आठवणीने व्याकूळ होणारा मित्र म्हणून आला, ही लहान गोष्ट नव्हती.

या जागतिक समूहाची उणीवही लगेच दिसली. सनफायर पुढच्याच कथेत निघून गेला. थंडरबर्ड ९५व्या अंकात मारला गेला. तापट आणि एकलकोंडा असा वुल्व्हरिन आधीच होता, त्याच स्वभावाच्या दुसऱ्याची गरज निर्मात्यांना वाटली नाही. कथेच्या हिशोबाने हे पटण्यासारखे आहे. पण सात परक्यांमधून सर्वात आधी बळी गेला तो अमेरिकेच्या मूळ रहिवाशाचा, हेही नोंदवायला हवे.

क्लेअरमाँट यांचे घर

ऑगस्ट १९७५च्या ९४व्या अंकापासून ख्रिस क्लेअरमाँट हे तरुण लेखक आले आणि १९९१पर्यंत, सोळा वर्षे, ते ही मालिका लिहीत राहिले. सुरुवातीला कॉक्रम आणि डिसेंबर १९७७पासून जॉन बर्न यांची चित्रे होती.

क्लेअरमाँट यांनी काय केले, ते मराठी वाचकाला एका शब्दात सांगता येईल : एकत्र कुटुंब. लढाई संपल्यावर ही माणसे स्वयंपाकघरात बसतात, चेंडूफळी खेळतात, एकमेकांची पत्रे वाचतात. एकाच प्रसंगाकडे सात जण सात नजरांनी पाहतात. चेहरा सैतानासारखा असलेला नाइटक्रॉलर सर्वांत श्रद्धाळू आहे. वुल्व्हरिन कोण आहे, हे त्याच्या नख्यांपेक्षा तो तेरा वर्षांच्या किटी प्राइडशी कसा बोलतो त्यावरून कळते. एकट्या नायकाच्या कथेत स्वभाव सांगावा लागतो. समूहात तो नात्यांतून आपोआप दिसतो.

स्टॉर्मचे उदाहरण घ्या. ती प्रथम आली ती आफ्रिकेत देवी म्हणून पुजली जाणारी, वादळावर हुकूम चालवणारी बाई म्हणून. अमेरिकी कल्पनेतली ही ठोकळेबाज आफ्रिका होती. क्लेअरमाँट यांनी १०२व्या अंकात तिला भूतकाळ दिला. १९५६च्या सुएझ संघर्षात कैरोवर बॉम्ब पडले, ढिगाऱ्याखाली आईवडील गेले आणि मुलगी मृत आईशेजारी गाडली गेली. बंद जागेची तिला वाटणारी भीती तिथली. पुढे ती समूहाची नेता होते, १९८४मध्ये शक्ती गमावते आणि शक्तीशिवाय २०१व्या अंकातले ते द्वंद्व जिंकते. हा बदल घडायला दहा वर्षे लागली. वाचकही तिच्याबरोबर दहा वर्षांनी मोठे झाले.

मॅग्निटोचेही तसेच. ऑक्टोबर १९८१च्या १५०व्या अंकात तो रागाच्या भरात किटीला जवळजवळ ठार मारतो आणि थबकतो. आपण एका मुलीला, एका पोरीला मारत होतो, हे त्याच्या ध्यानात येते. किटी ज्यू आहे, आणि तो स्वतः ऑशविट्झच्या छळछावणीत वाढलेला आहे, हे वाचकाला इथे प्रथम कळते. पूर्वीचा 'दुष्ट' खलनायक या एका प्रसंगानंतर तसा उरत नाही. झेवियरशी त्याचा वाद खरा वाद होतो, तो इथून पुढे.

या शैलीचे तोटेही आहेत. क्लेअरमाँट फार लिहितात. चित्रात दिसते तेच चौकटीत शब्दांनी पुन्हा सांगतात. अक्षरलेखक टॉम ओर्झेचोव्स्की यांनी एवढा मजकूर वाचनीय ठेवला, याचे श्रेय त्यांना कमीच मिळाले. कुणाचा तरी हा पहिलाच अंक असेल, या हिशोबाने प्रत्येक पात्र आपली शक्ती दर महिन्याला पुन्हा समजावून सांगते. संग्रहात सलग वाचताना हे जाचते. शिवाय अनेक धागे सुरू होऊन वर्षानुवर्षे लोंबकळत राहतात. संध्याकाळच्या दूरचित्रवाणी मालिका पाहणाऱ्यांना हा अनुभव निराळा सांगायला नको.

एक मरण आणि त्याची परतफेड

ही मालिका सर्वाधिक ओळखली जाते ती १९८०च्या 'डार्क फीनिक्स' कथेसाठी. जीन ग्रेमध्ये वैश्विक शक्ती येते, ती शक्ती तिला भ्रष्ट करते आणि भुकेपोटी ती एक तारा गिळते. त्याच्याभोवतीच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव नष्ट होतात. लेखक-चित्रकारांनी ठरवलेला शेवट असा होता की जीनची शक्ती काढून घेतली जाते आणि ती जिवंत राहते. प्रमुख संपादक जिम शूटर यांनी तो अमान्य केला. एवढ्या संहाराला शिक्षा नसेल तर कथेला नीतीच उरत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. शेवट बदलला. सप्टेंबर १९८०च्या १३७व्या अंकात जीन चंद्रावर, प्रियकर स्कॉटच्या (म्हणजेच सायक्लॉप्सच्या) डोळ्यांदेखत, स्वतःचा जीव देते. मूळ शेवट १९८४मध्ये स्वतंत्रपणे छापला गेला. दोन्ही वाचल्यावर माझे मत असे झाले की संपादकाचा हस्तक्षेप इथे योग्य होता.

असे मरण समूहकथेलाच परवडते. सुपरमॅन मेला तर 'सुपरमॅन' कसा चालणार? एक्स-मेनमधून मात्र एक जण जाऊ शकतो. घर उरते, त्यात रिकामी जागा दिसत राहते. पुढच्या १३८व्या अंकात अंत्यविधी आहे, स्कॉट समूह सोडतो. मग तो हळूहळू सावरतो, मॅडलिन नावाच्या, कोणतीही शक्ती नसलेल्या वैमानिक स्त्रीशी लग्न करतो, मूल होते. मला मिळालेल्या फाटक्या अंकात तो हरतो आणि त्यांच्याकडे जातो. शोकाचा एवढा लांब आणि शहाणा प्रवास मी कॉमिक्समध्ये क्वचितच पाहिला आहे.

आता तारखा पाहा. २०१व्या अंकावर जानेवारी १९८६ असे छापलेले आहे. फेब्रुवारी १९८६च्या तारखेचा 'एक्स-फॅक्टर'चा पहिला अंक आहे. मूळ पाच विद्यार्थ्यांना पुन्हा एकत्र आणून कंपनीला आणखी एक मालिका हवी होती. त्यासाठी जीन हवी. मग असे ठरले की मेली ती खरी जीन नव्हतीच. शक्तीने तिचे रूप घेतले होते आणि खरी जीन न्यूयॉर्कजवळच्या खाडीच्या तळाशी एका कोषात सुरक्षित होती. बातमी कळताच स्कॉट बायको-मुलाला सोडून निघतो. क्लेअरमाँट यांचा याला विरोध होता. तो चालला नाही.

हिशोब इथेच थांबला नाही. नायकाने निरपराध बायकोला टाकले हे शोभेना, म्हणून पुढे बायकोच दोषी ठरवली गेली. मॅडलिन ही जीनची कृत्रिम प्रतिकृती निघाली, मग ती दुष्ट झाली, मग मेली. एका मरणाची परतफेड करायला दुसरी बाई खर्ची पडली, आणि सहा वर्षांत उभी केलेली शोकाची कथा निकालात निघाली.

समूहकथेची सगळ्यात मोठी उणीव मला इथे दिसते. तिच्यात माणूस जाऊ शकतो, पण ती कंपनीच्या मालकीची असल्याने गेलेला माणूस म्हणजे पडून राहिलेले भांडवल ठरतो. निर्मात्यांचा त्यावर हक्क नव्हता. जॅक कर्बी १९९४मध्ये वारले आणि त्यांच्या वारसांचा मार्व्हल कंपनीशी चाललेला वाद २०१४मध्ये तडजोडीने मिटला. कथा कुठे संपावी हे ज्यांनी ठरवायचे, त्यांच्या हाती ती नव्हती.

रूपकाला पडलेली भेग

दुसरी उणीव रूपकातच आहे. १९८२मध्ये क्लेअरमाँट आणि चित्रकार ब्रेंट अँडरसन यांचे 'गॉड लव्ह्ज, मॅन किल्स' हे स्वतंत्र पुस्तक आले. सुरुवातीलाच दोन कृष्णवर्णीय मुलांचा, ती म्युटंट आहेत म्हणून, खून होतो आणि त्यांचे देह शाळेच्या झोपाळ्याला टांगले जातात. अमेरिकेतल्या झुंडबळींच्या इतिहासाशी हे चित्र थेट बोलते. थोड्याच पानांनंतर किटी आणि तिची कृष्णवर्णीय नृत्यशिक्षिका स्टिव्ही यांचा प्रसंग आहे. म्युटंटांबद्दलच्या अपशब्दावरून किटी भांडलेली असते. शब्दच आहेत, सोडून दे, असे स्टिव्ही समजावते, तेव्हा किटी कृष्णवर्णीयांसाठीची शिवी उच्चारून विचारते, मग हेही तुम्ही सोडून दिले असते का? लेखकाला दोन्ही अपमान सारखेच आहेत असे दाखवायचे आहे. पण प्रत्यक्षात घडते असे की कल्पित समाजाच्या दुःखाचा धडा खऱ्या पीडित समाजातल्या बाईला, तिच्याच वाट्याची शिवी वापरून, एक गोरी मुलगी देते.

शिवाय म्युटंट खरोखर धोकादायक असतात. एका जीनने एक ग्रह जाळला. त्यांना भिणारा माणूस अगदीच अविचारी ठरत नाही. प्रत्यक्षातल्या अल्पसंख्याकांबद्दलची भीती मात्र निराधार असते. रूपक जसजसे ताणावे तसतसा हा फरक रुंदावत जातो.

आपल्याजवळचे एक उदाहरणही आहे. २०१०मध्ये लेखक माइक कॅरी यांनी 'एक्स-मेन लेगसी'मध्ये मुंबईत घडणारी कथा लिहिली. तिच्या केंद्रस्थानी इंद्र नावाचा म्युटंट विद्यार्थी आहे. त्याचे खरे नाव पारस गावसकर, धर्म जैन. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात मराठी जैन पुष्कळ, पण ते पाटील, चौगुले, मगदूम असतात. गावसकर हे गोवा-कोकणाकडचे आडनाव, आणि जगाला ते कशामुळे ठाऊक आहे हे सांगायची गरज नाही. त्यात घरच्यांनी ठरवलेल्या लग्नाचा पेच आहे, म्हणजे परदेशी कथेत भारतीय मुलगा आला की जे येते ते आलेच. तरीही अहिंसा मानणाऱ्या मुलाने युद्धात उतरावे का, हा प्रश्न लेखकाने गांभीर्याने घेतला आहे. नाव चुकले, प्रश्न बरोबर आला. १९७५च्या समूहाबद्दलही मी एवढेच म्हणेन.

ताळेबंद

ऑक्टोबर १९९१मध्ये जिम ली यांच्या चित्रांसह 'एक्स-मेन' नावाची नवी मालिका निघाली. पहिल्या अंकाच्या एकाच मजकुराला पाच मुखपृष्ठे होती आणि ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपल्या. एका कॉमिकच्या खपाचा तो विक्रम होता. त्यातल्या अनेक प्रती वाचण्यासाठी नव्हे तर पुढेमागे किंमत वाढेल म्हणून घेतलेल्या होत्या. तिसऱ्या अंकानंतर क्लेअरमाँट बाहेर पडले. ज्या घराला त्यांनी सोळा वर्षे आकार दिला होता, ते त्यांच्याशिवाय सुरू राहिले आणि आजही सुरू आहे.

वाचू इच्छिणाऱ्यांना मी 'जायंट-साइझ'पासून १३८व्या अंकापर्यंतचा भाग सुचवतो, पुढे १५०वा, आणि मग २०१वा. जीन परत येते हे माहीत असूनही १३७वा अंक दर वेळी मला अस्वस्थ करतो. हे श्रेय त्या पानांचे. पुढे कुणी काय केले, त्याचा दोष त्या पानांना लागत नाही.

मामांनी आणलेला अंक अजून माझ्याकडे आहे. मुखपृष्ठ नाही, कडा पिवळ्या पडल्या आहेत. त्याच्या पुढच्या महिन्यात काय झाले हे सोळा वर्षांच्या मला ठाऊक नव्हते, आणि सांगलीत ते कळायचा मार्गही नव्हता. त्या अंकात स्कॉट हरतो आणि घरी जातो.